शिंगाच्या मुठीची जुनी सुरी : सफाई कुठे थांबवावी?

जुन्या वस्तूंच्या बाजारात शिंगाच्या मुठीची सुरी अधूनमधून येतच असते. कधी एखाद्या जुन्या बंगल्याच्या सामानाबरोबर, कधी भंगाराच्या पोत्यातून, तर कधी वडिलोपार्जित वस्तू विकण्याची पाळी आलेल्या घरातून. पाते काळवंडलेले असते, मूठ पांढरट पडलेली असते, मुठीच्या गळ्याशी गंजाची रेघ दिसते. असा माल हाती आला की आपल्याकडे पहिला विचार एकच येतो. शिकलगाराकडे द्यायची, चाकावर चढवून आरशासारखी चकचकीत करून घ्यायची आणि मग गिऱ्हाइकापुढे ठेवायची.

याच घाईत मालाची किंमत उतरते. जुनी सुरी घेणारा जाणकार माणूस चमक विकत घेत नाही. चमकणारी नवी सुरी त्याला कोणत्याही भांड्यांच्या दुकानात मिळते. तो पैसे मोजतो ते वयासाठी, मूळ मुठीसाठी, पात्यावरच्या कारखान्याच्या शिक्क्यासाठी आणि वर्षानुवर्षे चढलेल्या काळसर झाकेसाठी. चाकावर चढवलेल्या पात्याची ही झाक पाच मिनिटांत जाते, शिक्का पुसट होतो आणि घासून गेलेले पोलाद पुन्हा भरून येत नाही. म्हणून अशा सुरीची सफाई कशी करावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती कुठे थांबवावी, हे आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे येथे मांडत आहोत.

हिंदुस्थानी शिंग, विलायती पाते

उदाहरणासाठी आम्ही इंग्लंडातील शेफिल्डची सुरी घेतली आहे. कारण इंग्रजी अमलात ती आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आली आणि आजही जुन्या घरांतून निघते. तिचा आपल्या मुलखाशी आणखी एक संबंध आहे. शेफिल्डचे सुरीवाले मुठीसाठी लागणारे म्हशीचे व सांबराचे शिंग हिंदुस्थानातून मागवीत. म्हणजे शिंग येथून बोटीने जाई आणि पात्याला लागून सुरी होऊन परत येथेच विकायला येई. भाजलेल्या मांसाचे काप करण्याची लांब सुरी, तिच्या जोडीचा दोन दातांचा काटा आणि धार लावण्याची पोलादी सळई असा तीन नगांचा संच मखमली पेटीत येत असे. संच पूर्ण असेल तर त्याची फोड करून विकू नये. तीन नग एकत्र असण्यातच त्याची किंमत आहे.

शेफिल्डमध्ये सुरीवाल्यांची संस्था १६२४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली. कारागिरांच्या खुणांची नोंद ती ठेवीत असे. जोसेफ रॉजर्स या प्रसिद्ध पेढीची खूण चांदणी आणि माल्टी क्रूस अशी होती. या पेढीच्या नावाची नक्कल त्या काळीही होत असे. म्हणून केवळ नाव वाचून भाव ठरवू नये. पाते, मूठ, खिळे आणि शिक्का हे सारे एकमेकांशी जुळते का, ते पाहावे.

वय ओळखण्याच्या दोन सोप्या खुणा आहेत. अमेरिकेने १८९० साली केलेल्या जकात कायद्यामुळे तेथे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे १८९१ पासून सक्तीचे झाले. त्यामुळे पात्यावर ‘इंग्लंड’ असा शब्द कोरलेला असल्यास ती सुरी बहुधा त्यानंतरची समजावी. दुसरी खूण म्हणजे ‘स्टेनलेस’ हा शब्द. न गंजणारे पोलाद शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली तयार केले. तेव्हा हा शब्द असलेली सुरी त्याच्या आधीची असू शकत नाही. चाकावर घासताना नेमके हेच शिक्के पहिल्यांदा जातात, हे वेगळे सांगायला नको.

एका सुरीत दोन स्वभाव

सफाई करण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पाते आणि मूठ यांचा स्वभाव एकमेकांच्या उलट आहे.

पाते पोलादाचे. त्याचा शत्रू ओल. हवेतील दमटपणा, बोटांचा घाम आणि खाऱ्या वाऱ्यातील मीठ यांनी ते गंजते. ते जितके कोरडे राहील तितके चांगले.

शिंगाचे तसे नाही. आपले केस आणि नखे ज्या द्रव्याची असतात त्याच केराटिन नावाच्या द्रव्याचे शिंग बनते. ते पातळ थरांवर थर बसून तयार झालेले असते. पाणी लागले की फुगते, वाळले की आकसते. असे वारंवार झाले की थर सुटतात, पापुद्रे निघतात आणि खिळ्यांपासून भेगा पडतात. अगदी कोरड्या हवेतही शिंग तडकते. म्हणजे ज्या कडक कोरडेपणात पाते सुखी राहते त्यात मूठ दुखावते, आणि ज्या ओलीत मूठ तग धरते त्यात पाते गंजते. या दोघांना मानवेल असा मधला मार्ग काढणे हीच या कामातील खरी कारागिरी आहे.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. पुष्कळ जुन्या सुऱ्यांत पात्याची शेपटी मुठीच्या पोकळीत घालून ती गरम राळ ओतून बसवलेली असते. राळेत विटेची किंवा खडूची भुकटी मिसळत. अशी सुरी कढत पाण्यात बुडवली की राळ मऊ होऊन मूठ हलू लागते. पाणी आत शिरते आणि बाहेर पडत नाही. मग शेपटी आतल्या आत गंजते, गंज फुगतो आणि शिंगाला आतून फोडतो. बाहेरून स्वच्छ दिसणारी सुरी वर्षा-दोन वर्षांत मुठीतून चिरते ती यामुळे.

मूठ कशाची आहे?

शिंग, हाड आणि प्लास्टिक यांत फरक करता आला पाहिजे. म्हशीचे शिंग काळे किंवा धुरकट असते. पातळ कडेला उजेडासमोर धरले तर त्यातून थोडा प्रकाश दिसतो आणि आत लाटेसारख्या रेषा असतात. सांबराचे शिंग म्हणजे खरे तर हाडच. ते दरवर्षी झडते. त्याची बाहेरची बाजू झाडाच्या सालीसारखी खरबरीत असते आणि आतला भाग सच्छिद्र असतो. साध्या हाडावर भिंगातून पाहिल्यास बारीक काळे ठिपके किंवा तुटक रेघा दिसतात. प्लास्टिक सगळीकडे सारखे असते आणि त्यावर कधीकधी साच्याची शिवण सापडते.

तापलेली सुई टोचून वास घेण्याची पद्धत बाजारात चालते. ती सोडून द्यावी. तिने मुठीला कायमचा डाग पडतो. मूठ जुन्या सेल्युलॉइडची निघाली तर ती पेट घेऊ शकते. सेल्युलॉइडची मूठ जुनी झाली की तिच्यातून आंबट वाफ सुटते आणि शेजारच्या सुऱ्यांची पाती त्या वाफेने गंजतात. अशी सुरी इतर मालापासून दूर ठेवावी.

येथे कायद्याचा मुद्दा येतो. पाळीव म्हशीच्या शिंगाला वन्यजीव कायद्याची आडकाठी नाही. उत्तर प्रदेशातील संभल येथे याच शिंगावर आजही मोठा हस्तव्यवसाय चालतो. परंतु सांबर, चितळ, गवा यांची शिंगे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. सांबराचे शिंग झडलेले असो की मारलेल्या जनावराचे, त्याचा व्यापार बंद आहे. ‘सुरी जुनी आहे, विलायती आहे’ एवढ्या उत्तरावर सुटका होईल असे धरून चालू नये. तशी मूठ दिसली तर खरेदीपूर्वी वनखात्यात विचारणा करावी.

ऐतिहासिक महत्त्वाची आणि किमान १०० वर्षे जुनी वस्तू १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याखाली येते. तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या येतात. घरगुती, शेतीच्या व कारखान्याच्या कामासाठी बनवलेल्या सुऱ्या त्यातून वगळलेल्या आहेत. स्वयंपाकाची सुरी आणि खंजीर यांत कायदा फरक करतो. आपण पावती लिहितानाही तो करावा.

सफाईची पद्धत

साहित्य साधेच आहे : मऊ ब्रश, धुतलेले सुती फडके, कापूस, शिलाई मशिनचे तेल, रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन, बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबण, बांबूची चपटी काडी, चार शून्य नंबरचे अगदी बारीक स्टील वूल आणि बिनरंगी मेण. भांडी घासायची तारेची घासणी हे स्टील वूल नव्हे. तिने चरे पडतात.

पहिले काम पाहण्याचे. सुरीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत, लांबी, शिक्का, भेगा आणि सैल खिळे वहीत लिहावेत. पुढे गिऱ्हाइकाशी वाद निघाला तर ही नोंद उपयोगी पडते. मग पात्याला जाड कापड गुंडाळून मुठीचे काम आधी करावे.

मुठीवरची धूळ कोरड्या ब्रशने काढावी. फटींत बारीक भुसा किंवा किड्यांची कात सापडली आणि शिंगावर कुरतडल्याच्या खाचा दिसल्या, तर लोकरीला लागते तशी कसर लागली आहे असे समजावे. अशी सुरी लगेच प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवावी, नाहीतर सारी पेटी खराब होईल. त्यानंतर वाटीभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचा एक थेंब टाकावा, कापूस भिजवून घट्ट पिळावा आणि रुपयाएवढी जागा पुसावी. लगेच साध्या पाण्याच्या पिळलेल्या कापसाने पुसून कोरडी करावी. मगच पुढची जागा घ्यावी. गळ्याशी आणि खिळ्यांशी पाणी जाऊ देऊ नये. पितळी खिळ्यांभोवतीचा हिरवट थर बांबूच्या काडीने कोरडाच खरवडावा.

आता पाते. मुठीवर प्लास्टिकचा कागद गुंडाळून दोऱ्याने बांधावा. चिकटपट्टी लावू नये, कारण ती काढताना शिंगाचे पापुद्रे घेऊन येते. पात्यावरचे जुने तेल आणि चिकटा टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसावा. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि विस्तवापासून दूर करावे. बोळा मुठीच्या सांध्यापर्यंत नेऊ नये, कारण आतली राळ त्यात विरघळते.

मग गंज तपासावा. येथेच खरी पारख लागते. गंज दोन तऱ्हेचा असतो. नारिंगी, भुसभुशीत आणि बोटाला लागणारा गंज जिवंत असतो. तो पाते खात राहतो, त्याला काढलेच पाहिजे. राखाडी किंवा काळसर, घट्ट बसलेली आणि बोटाला न लागणारी झाक म्हणजे पात्याचे वय. तिला हात लावू नये. जिवंत गंजावर शिलाई मशिनच्या तेलाचे दोन थेंब टाकून सुरी रात्रभर आडवी ठेवावी. सकाळी मऊ झालेला गंज बांबूच्या काडीने उचलावा. उरला तर तेल लावूनच स्टील वूल अगदी हलक्या हाताने, पात्याच्या लांबीच्या दिशेने फिरवावे. दहा वेळा फिरवले की पुसून पाहावे. बोटाला नारिंगी लागेनासे झाले की थांबावे. शिक्क्यावर स्टील वूल फिरवूच नये. तेथे काडी आणि तेल पुरेसे आहे. खड्ड्यांचे काळे डाग राहू द्यावेत. खड्डा घालवायचा म्हणजे भोवतीचे सारे पोलाद खाली उतरवायचे.

शेवटी पाते कोरडे पुसून त्यावर बिनरंगी मेणाचा पातळ हात द्यावा आणि सुकल्यावर फडक्याने घोटावे. संग्रहालयांत वापरले जाणारे मायक्रोक्रिस्टलाइन मेण यासाठी उत्तम. ते १९५० च्या दशकात लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झाले. तेच मेण मुठीलाही अगदी थोडे चालते. पापुद्रे सुटलेले असतील तेथे मात्र लावू नये. या सुरीने घरात खरोखरच काही कापायचे असेल तर पात्याला मेण व मशिनचे तेल न लावता खाण्यास चालणारे मिनरल तेल लावावे आणि वापर होताच पुसून ठेवावी.

हे टाळावे

लिंबू, चिंच, व्हिनेगर आणि संडास धुण्याचे ॲसिड यांनी गंज झटपट निघतो हे खरे. पण त्याबरोबर जुनी झाकही निघते, पाते मळकट करडे पडते आणि सांध्यात शिरलेली आंबट ओल पुढे महिनोन्महिने काम करीत राहते. भांडी उजळण्याची पावडर व धातूचे पॉलिश फटींत पांढरे साचते.

मुठीला खोबरेल, गोडेतेल किंवा जवसाचे तेल चोळण्याची पद्धत जुनी आहे. चार दिवस मूठ काळीभोर दिसते. नंतर तेल खवट होते, चिकट होते, धूळ धरते आणि किड्यांना बोलावते. भेगेत झटपट चिकटणारा गोंद भरू नये. तो पुन्हा काढता येत नाही आणि जाणकाराला लगेच दिसतो. सुटलेला तुकडा पाकिटात घालून सुरीबरोबरच ठेवावा.

यंत्राच्या चाकाचा धोका दुहेरी आहे. वेगाने घासताना पाते तापते, त्यावर निळसर छटा आली की पाण्यावर चढवलेल्या पोलादाचे पाणी उतरले. मग धार टिकत नाही. चाक मुठीला लागले तर जळक्या केसांचा वास येतो आणि शिंग वाकडे होते.

ठेवणूक

सफाई एका दिवसाची, राखण कायमची. सुरी चामड्याच्या म्यानात ठेवू नये, चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली द्रव्ये पात्याला खातात. वर्तमानपत्र व लोकरी कापडही नको. खळ काढून धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून लाकडाऐवजी प्लास्टिकच्या किंवा रंगवलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी. डांबराच्या गोळ्या मुठीला लागून टाकू नयेत.

हवेतील दमटपणा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहिला तर पाते आणि मूठ दोघांनाही मानवतो. दमटपणा मोजण्याचे छोटे यंत्र स्वस्तात मिळते, दुकानदाराने ते घेऊन ठेवावे. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या डब्यात ठेवाव्या लागतात. पण पाऊस संपल्यावर त्या काढून घ्याव्यात. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याच पुड्या मूठ तडकवतील. दर्शनी काचेत, दिव्याखाली किंवा दुपारच्या उन्हात सुरी मांडू नये. पावसाळ्यात महिन्यातून एकदा डबा उघडून पाहावे आणि पात्याला उघड्या बोटांनी हात लावला असेल तर पुसूनच परत ठेवावे.

मजुरी कशाची?

आता रोजीचा प्रश्न. शिकलगार हा शब्दच घासून उजळणे या अर्थाच्या अरबी ‘सैकल’ या शब्दावरून आला आहे. चमक देणे हा त्या हुन्नराचा मान आहे आणि आजही गिऱ्हाईक चमकेचेच पैसे देते. ज्याने चाकावर दहा मिनिटांत सुरी उजळली त्याला मजुरी मिळते. ज्याने दोन दिवस तेल आणि काडी घेऊन शिक्का वाचवला त्याला ‘काही फरक दिसत नाही’ असे ऐकून घ्यावे लागते. जोवर हिशोब असा आहे तोवर कारागिराला दोष देणे अन्यायाचे होईल.

हा हिशोब व्यापाऱ्याने बदलायचा आहे. जुन्या मालाची मजुरी नगावर नव्हे, वेळेवर ठरवावी. काम देताना लिहून द्यावे : जिवंत गंज काढा, शिक्क्याला हात लावू नका, धार लावू नका, मूठ बदलू नका. कारागिरानेही ‘चमकवून द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला कामापूर्वीच सांगावे की चमक आली तर भाव जाईल, आणि तरीही हवी असेल तर ती जबाबदारी तुमची. वापरातल्या कसाईसुऱ्या, कोयते, कात्र्या चाकावर येतच राहतील. परंतु जुन्या वस्तूंचे हे सावकाशीचे काम यंत्राला जमत नाही. ते ज्याच्या बोटांत आहे त्याने ते वेगळ्या दराचे काम म्हणून शिकावे आणि सांगावे.

फार मोडकळीस आलेली किंवा दुर्मीळ वाटणारी सुरी असेल तर तिला स्वतः हात न लावणेच शहाणपणाचे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचे केंद्र आहे. तेथे सल्ला विचारण्यात कमीपणा नाही.

विकताना मालातला ऐब झाकू नये. मूठ नंतर बसवलेली असेल, पाते घासलेले असेल, संचातला काटा दुसऱ्या जोडीचा असेल, तर ते पावतीवर लिहावे. त्या वेळी दोन पैसे कमी मिळतील. पण जुन्या वस्तू घेणारी मंडळी थोडी असतात आणि एकमेकांना ओळखतात. कोणत्या दुकानात खरी हकिगत सांगतात हे त्यांच्यात लवकर पसरते. मोहम्मद अली रोडजवळच्या चोरबाजारातील मटण स्ट्रीटवर असो की तालुक्याच्या आठवडी बाजारात, जुन्या मालाचा धंदा शेवटी जिभेच्या शब्दावर चालतो.

तेव्हा पुढच्या खेपेला भंगाराच्या पोत्यातून काळवंडलेली, शिंगाच्या मुठीची सुरी निघाली तर ती चाकाकडे नेण्याआधी एक फोटो काढावा, शिक्का वाचावा आणि रात्रभर दोन थेंब तेल द्यावे. सकाळी पुढचे काम किती करायचे ते ठरवता येईल. राहिलेली सफाई पुढेही करता येते, झालेली मात्र परत घेता येत नाही.